सावडीबाहेरचं यंत्र

निनाद कानिटकर जिल्हा केंद्रातून आला तो हातात पेचकस आणि खिशात हुकूम घेऊनच. कारवंड्याच्या डोंगरावरच्या दवाखान्यातलं छेदचित्रक मोडीत काढायचं, असा तो हुकूम होता. माणसाच्या शरीराचे आतले छेद चित्रात दाखवणारं हे यंत्र. त्याची क्ष-किरण नळी तीन महिन्यांपूर्वी जळाली होती आणि नवी नळी द्यायची वरच्यांची इच्छा नव्हती.

"मेलेलं मशीन चालू कसं?" पंख्याची घरघर ऐकून त्याने विचारलं.

"डोळे गेलेत साहेब, डोकं शाबूत आहे," प्रमिला आग्रे म्हणाली. ती इथली तंत्रज्ञ. यंत्र गेलं की खोली औषधांच्या खोक्यांनी भरणार, आणि एकदा खोकी आली की पुन्हा नळी येणार नाही, मग कारवंड्याच्या माणसांनी पुढची सगळी वर्षं छातीचं दुखणं घेऊन दोन एसट्या बदलत जिल्ह्याला जायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती सकाळपासून प्लगसमोर स्टूल टाकून बसली होती. उठायचा तिचा अजिबात विचार नव्हता.

"डोकं म्हणजे सामाईक गणन. ते जाळं मीच बसवलंय, ताई." निनाद हसला. "लहान मुलांना किरण कमी द्यायचे, तर चित्र धुरकट येतं. ते स्वच्छ करायला आकडेमोड अफाट लागते, एकट्या यंत्राला सबंध दिवस पुरेल एवढी. म्हणून तिचे तुकडे करून जी यंत्रं रिकामी असतील त्यांना वाटायचे. मग वीस मिनिटांत काम उरकतं."

"आम्ही त्याला सावड म्हणतो. आज माझ्या लावणीला तुमची माणसं, उद्या तुमच्या लावणीला माझी. ज्याला शेत नाही तोसुद्धा सावडीला येतो, आणि मग त्याचं घर शाकारायला बाकीचे जातात. ह्या मशीनला आता शेत नाही, एवढंच."

"ऐकायला गोड आहे. पण डोंगरावरची तुमची सातही यंत्रं आमच्या मोठ्या यंत्राच्या जिवावर चालतात. म्हणून आजपासून सातही जाळ्याबाहेर. आणि हे तर कायमचंच."

"तुमच्या मोठ्या मशीनला शेवटची उसंत कधी मिळाली हो? सकाळपासून दारात रांग असते त्याच्या. ते कधी रिकामं होणार आणि कुणाला हात देणार?"

शिकलेल्या माणसाला साधा प्रश्न विचारला की तो टॅब्लेटकडे बघतो, तसं निनादने बघितलं. पडद्यावर मधोमध जिल्हा केंद्र आणि त्यातून निघालेल्या सात हिरव्या रेघा होत्या. त्याने एकेक रेघ बोटाने पुसली. कारवंड्याची शेवटी पुसली.

"झालं. आता उठा."

प्रमिला उठली नाही. पंखा घरघरतच होता. शिरंब्याच्या दवाखान्यातल्या एका आजोबांच्या फुप्फुसाचं काम यंत्रात आलं होतं आणि ते मुकाट चाललं होतं.

"ह्याचं काम बंद का पडत नाही?" निनाद गोंधळला.

"कशाला पडेल? तुम्ही फक्त तुमच्याकडे येणाऱ्या रेघा पुसल्यात. शिरंब्याशी आमची ओळख आमची आहे, तिथून पुढे तळवण्याशी, अशी सातांची एकमेकांशी. कामाला कुणाला घ्यायचं ते ज्याचं मशीन तो ठरवतो. हा नियम तुम्हीच घातलात. मधे कुणी बसलेलंच नाही साहेब, मग तोडणार कुठून?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. केंद्रातल्या डॉक्टर शाहीन मुकादम इतक्या जोरात बोलत होत्या की प्रमिलाला स्टुलावर बसून शब्द न् शब्द ऐकू आला.

"निनाद, ओट्यावरून पडलेलं अकरा महिन्यांचं बाळ आहे माझ्यासमोर. डोक्यात रक्त साचलंय का, ते मला आत्ता कळायला हवं, आणि मशीन म्हणतंय चित्र उद्या सकाळी! काय करून ठेवलंस? पुन्हा जास्त किरण मारू का एवढ्याशा जिवावर?"

निनादने घाईघाईने रेघा पुन्हा जोडायला घेतल्या. प्रत्येक रेघेवर तेच उमटलं: समोरच्या यंत्राची परवानगी हवी. सात यंत्रं सावडीत होती. बाहेर एकच पडलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने काढलं होतं.

"ताई," त्याचा आवाज पार खाली आला. "जरा... उठता का?"

प्रमिलाला राग असा आला होता की त्याला तिथेच तासभर उभं करावं. पण ती उठली, सकाळपासून पहिल्यांदाच, आणि तिने परवानगीचं बटण दाबलं.

"अट घालत नाही मी. बाळाने माझं काय वाईट केलंय?"

मेलेलं म्हणून जे मोडीत काढायचं होतं त्या यंत्राचा पंखा गर्जायला लागला. ओळखीच्या यंत्राने आणलेलं काम बाकीच्या सहांनीही वाटून घेतलं. निनाद घड्याळाकडे बघत उभा होता आणि प्रमिला त्याच्याकडे. एकोणीस मिनिटांनी फोन आला. डाव्या बाजूला रक्त साचलं होतं. वेळेत सापडलं, बाळाला शस्त्रक्रियेला घेतलं.

निनाद स्टुलावर बसला. त्याने अहवालाचा कागद काढला. 'जाळ्याबाहेर काढलेलं यंत्र' या रकान्यात कारवंडे आधीच छापलेलं होतं.

"खोटं कशाला पाठवता?" प्रमिला म्हणाली. "जे घडलं ते लिहा."

त्याने कारवंडे खोडलं आणि वर लिहिलं: जिल्हा केंद्र. मग सहीसाठी पेन खाली नेलं.

"थांबा. सहीच्या वर जागा आहे अजून." प्रमिलाने कागदावर बोट ठेवलं. "आमचं मशीन तुमच्या लावणीला आलं साहेब. आता आमचं घर शाकारायची पाळी तुमची. नळी लिहा."