डाव्या कोपऱ्यातला बॉक्स

तो आला होता शेजारच्या टायरवाल्याकडे, पंक्चर काढायला. टायरवाला जेवायला गेलेला, वरून बारीक रिपरिप, म्हणून आडोशाला इकडे सरकला. आणि सरकला तो थेट तिने नुकत्याच घासून ठेवलेल्या बॉक्ससमोर. वाकून पाहिलं, मग बोटाच्या पेराने हळूच टकटक केली.

"आत कोणी राहत नाही," ती म्हणाली.

"मग आवाज इतका भरीव कसा?"

तिने तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. गाड्यांच्या डिकीत सबवूफर, म्हणजे खर्ज घुमवणारे पेटीबंद स्पीकर, बसवून देणाऱ्या या दुकानात माणसं येत ती दोन जातींची. शेजाऱ्यांच्या काचा हादरवायच्या असतात ती, आणि एखादीचं लक्ष वेधायचं असतं ती. पहिली आवाज किती ते विचारतात, दुसरी रंग कोणता ते. भरीवपणा विचारणारा हा... कुठल्याच खान्यात बसेना. दुकान मामाचं. मामा तिला फूटपट्टी म्हणायचा ते उगाच नव्हे. गिऱ्हाईक पायरी चढेस्तोवर तिने त्याचं माप घेतलेलं असे.

दुसऱ्या दिवशी तो काम घेऊनच आला. गाडी जुनी, पण रोज पुसली जाणारी. वडील पस्तीस वर्षं बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचे, त्याने सांगितलं. आता हात थरथरतात, काठी धरवत नाही. आई गेल्यापासून घरात त्यांचं मन लागत नाही. संध्याकाळी खाली येतात, उभ्या गाडीत बसतात आणि आपल्याच बँडची जुनी रेकॉर्डिंग लावतात. गाडीचे स्पीकर किरकोळ. कर्णे ऐकू येतात, ड्रम नाही.

"बाकी सगळे ऐकू येतात," तो म्हणाला, "फक्त बाबाच येत नाहीत."

आणि येत्या शनिवारी हा तीन वर्षांच्या नोकरीवर दूर देशी निघालेला. त्याआधी काम व्हायला हवं होतं. वर एक अटही होती: बॉक्स काढता आला पाहिजे. बाबांनंतर गाडी विकावीच लागेल, मी काही परत येऊन इथे राहणार नाही — हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की तिने घेतलेलंच माप पुन्हा एकदा घेतलं.

"काढता येईल," ती म्हणाली. "चार स्क्रू. आणि एकदा बसला की वीस वर्षं हात लावायला नको."

मग तो रोजच येऊ लागला. एकदा छत्री राहिली म्हणून, दुसऱ्यांदा तीच पुन्हा राहिली म्हणून. या माणसाने छत्री आणणं सोडलं तर हिची पंचाईत होईल, असं मामा पान्यांच्या खोक्याला उद्देशून म्हणाला. तिने घासण्याचा आवाज वाढवला.

डिकीचा कोपरा कधी सरळ नसतो. लाकडाची चौकोनी पेटी ठेवली की मागे जागा वाया जाते. म्हणून कोपऱ्याचाच साचा घ्यायचा: आधी पत्र्यावर चिकटपट्टीचे थर, मग काचेच्या तंतूंची चटई, तिच्यावर सुकून दगडासारखं होणारं रेझिन. वाळलं की साचा टण्णकन सुटून हातात येतो. पट्टी कुठे राहिली, तर मात्र रेझिन पत्र्यालाच धरतं. आणि एकदा धरलं की सोडत नाही.

मंगळवारी ती डाव्या कोपऱ्यात पट्ट्या लावत होती. तो बॅटरी धरून. दोघांची डोकी डिकीत, बाहेर तोच कंटाळवाणा पाऊस.

"इतक्या रागाने लावता पट्ट्या?"

"राग नाही. लक्ष आहे."

"माझ्याकडे कधी इतक्या लक्षाने पाहिलं नाहीत."

"तुम्हाला कोपरे कुठे आहेत? सगळं समोरच."

तो हसला. मग हसू विरलं, आणि बॅटरीचा उजेड जरा खाली झुकला. "कोपरा आहे एक," तो म्हणाला. "रोज वाटतं, तिकडून फोन करीन... आणि बाबा उचलणार नाहीत."

तिचा हात थांबला. थोड्या वेळाने हात पुन्हा चालू झाला — थांबला होता तिथून नव्हे, चार बोटं पुढून.

बुधवारी साचा निघाला नाही. मामाने लाकडी पाचर लावली, कोमट पाणी सोडलं, खालून ठोकलं. साचा हलेना. अकरा वर्षांत हिच्याकडून एकदाही असं झालं नव्हतं, एवढंच म्हणून त्याने पाचर खोक्यात टाकली.

तो आला तेव्हा तिने आडपडदा ठेवला नाही. कापून काढला तर पत्राही जाईल. नवा साचा आणि मग त्यावर बॉक्स, या ओल्या हवेत दोन्ही शनिवारपर्यंत वाळणार नाहीत. किंवा यावरच बॉक्स बांधायचा, कायमचा.

"चूक माझी," ती म्हणाली. "माझं लक्ष तुमच्याकडे होतं."

तो डिकीत वाकला. दोन्ही तळव्यांनी साचा रेटून बघितला.

"म्हणजे आता हा निघणार नाही."

"गाडी मोडेल तेव्हाच."

"अशी गाडी कोण घेणार?"

"कोणी नाही."

ती बोलणी खायला तयार होऊन उभी राहिली. तो मात्र हळूहळू, स्वतःशीच हिशोब जुळवत असल्यासारखा बोलला. "विकता यायची नाही. ठेवावी लागेल. आणि ठेवायची म्हणजे..." वाक्य तिथेच राहिलं. तिने ते पुरं करायला सांगितलं नाही. "बांधा यावरच," तो म्हणाला.

तिने स्पीकर बसायची लाकडाची गोल कडी आतल्या बाजूला तिरकी उभी केली, तिच्यावरून कापड ताणलं, रेझिन पाजलं, दोन मोठे दिवे लावून डिकी शेकली. शुक्रवारी दुपारी त्या कडीवर स्क्रू आवळून सबवूफर बसला. तो वडिलांना घेऊन आला. म्हातारबुवा पुढच्या सीटवर बसले, रेकॉर्डिंग लागलं. आधी कर्णे. मग खालून, सीटमधून, पाठीतून... ड्रम. त्यांनी हात डॅशबोर्डवर टेकला. तो थरथरत होता. पण त्यातलं हाताचं किती आणि ड्रमचं किती, ते आता कळेना.

"हा मी," ते म्हणाले.

तिने हात पुसले. "दर पंधरवड्याला येऊन स्क्रू तपासावे लागतील मला."

"वीस वर्षं हात लावायला नको म्हणाला होतात."

"तो निघणारा. हा चिकटलेला, याला जपावं लागतं."

"तीन वर्षं... फार होतात."

"अठ्ठ्याहत्तर खेपा." तिने कधीच मोजून ठेवलं होतं.

"दुपारी येऊ नकोस, पोरी," पुढून आवाज आला. "मी झोपतो."

शनिवारी तो गेला. पाऊस थांबला नाही. पंधरवड्याने ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पोहोचली. स्क्रू घट्टच होते. तिने एकेक अर्धा फेरा सैल केला, पुन्हा आवळला. म्हाताऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी उचलला, "आलीय ती" म्हणाले आणि तिच्या हातात दिला.

पलीकडून त्याचा आवाज आला.

"किती उरल्या?"

"सत्त्याहत्तर," ती म्हणाली.