थांबलेली गाडी

पाण्यात चालणारी गाडी बनवणारा माणूस थोडा सटकलेला असतो, हे मला कुणी सांगायची गरज नाही. रामनगरात माझं गॅरेज आहे. गॅरेजच्या मागं उभी असलेली माझी गाडी बघून गिऱ्हाइकं एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि 'शंकरअण्णा, ही लग्नात वरातीला देता काय?' म्हणून विचारतात. खाली जुनी जीप, वर होडीसारखं पत्र्याचं अंग, मागं पंखा. रस्त्यावर चाकांनी धावते. पाण्यात शिरली की चाकांचा गिअर काढायचा आणि पंखा लावायचा. माझी बायको यमुना तिला म्हैस म्हणायची, कारण पाणी दिसलं की ही आत जाऊन बसणारच.

असे सटकलेले लोक बेळगावात आहेत, गोव्यात आहेत, पुण्याकडंही आहेत. दर हिवाळ्यात आम्ही आपापल्या गाड्या घेऊन गणेशगुडीच्या वरच्या अंगाला, सुपा धरणाच्या फुगवट्यावर जमतो. लखू नावाच्या शेतकऱ्याचं भाताचं खाचर तिथं काठाला आहे. कापणी झालेली असते, त्यामुळं तो तंबू ठोकू देतो. मग नुसती गाड्यांची बडबड. कुणाचं तळाचं बूच गळतं, कुणाच्या पंख्यात शेवाळ अडकतं. गाडी पाण्यातून वर आली की सगळे तिच्याभोवती गोळा होतात आणि पत्र्यावरची ओली रेघ बघतात. किती पत्रा पाण्यात होता ते त्या रेघेवरून कळतं. रेघ तिरकी असली तर वजन एका बाजूला पडलेलं, आणि मग मालकाची दिवसभर टिंगल.

आमचा नियम एकच, तोही बेळगावच्या नागेशनं घालून दिलेला. एकट्यानं पाण्यात जायचं नाही. मला तो कधी नियम वाटलाच नव्हता, कारण शेजारच्या सीटवर यमुना असायची. यंदाच्या पावसाळ्यात ती गेली.

खरं सांगायचं तर मी यंदा गाड्यांसाठी गेलोच नव्हतो. घरात बोलायला कुणी नाही. माणसांचा आवाज यावा म्हणून संध्याकाळी टीव्ही लावतो, आणि जाहिराती लागल्या तरी बंद करत नाही. यमुनाचं जुनं गाव त्या धरणाच्या पाण्याखाली आहे. ती परकर नेसायच्या वयाची होती तेव्हा पाणी चढलं, आणि अख्ख्या गावाला रामनगरच्या वसाहतीत आणून बसवलं. ती आता कुठं असलीच तर तिथं असेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. इंजिनात दिसत नाही त्यावर विश्वास न ठेवणारं डोकं हे. पण एकटं राहिलं की माणसाला काहीही पटतं. एकदा ती शेजारी बसल्यासारखं वाटावं, एवढंच मला हवं होतं.

जगलबेटच्या पुढं रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबलो, तेवढ्यात एक बाई डोक्यावरचा भारा माझ्या गाडीत टाकून मागच्या बाकावर चढून बसली. मला विचारलंसुद्धा नाही. या जंगलात बस कधीतरी येते. म्हणून उभी राहिलेली गाडी आपल्यासाठीच उभी राहिली असं लोक धरून चालतात. मुकाट्यानं मागं चढतात, आणि आपली वाट आली की पत्र्यावर थाप मारतात. थाप पडली की थांबायचं. यात कुणी उपकार केला असं कुणालाच वाटत नाही.

काठावर पोचलो तेव्हा नागेशनं मला मिठी मारली आणि लगेच सोडली. "वैनींचं ऐकून लई वाईट वाटलं रे," तो म्हणाला. "तुझ्यासंगं विनोद बसंल. माझा भाचा. वजनानं बरा हाय."

"ती जागा रिकामी नाही," मी म्हटलं.

नागेशनं माझ्याकडं बघितलं. मग खाली वाकून उगाचच टायर दाबून पाहिला आणि जेवणाकडं निघून गेला.

सगळे पंगतीला बसले असताना मी गाडी पाण्यात घातली.

ऊन चांगलं होतं. पाणी हिरवं, सपाट. दोन्हीकडच्या डोंगरांची झाडं पाण्यापर्यंत उतरलेली. यमुनाचं गाव कुठं आहे ते मला ठाऊक होतं. तिथून जाताना दर वर्षी ती माझ्या दंडाला हात लावायची आणि म्हणायची, "चालवा. हितं थांबायचं न्हाई." कारण विचारलं की पदर सारखा करून समोर बघत राहायची. पंचवीसेक वर्षांच्या संसारात तिनं मला कशालाच नको म्हटलं नव्हतं, या गाडीलासुद्धा. फक्त हे.

मी तिथं इंजिन बंद केलं.

आवाज गेला तशी शांतता अंगावर आली. पक्षीही ओरडत नव्हते. मी शेजारच्या सीटवर हात ठेवून बसलो. रेक्झिन उन्हानं तापलं होतं. बाकी काही नाही. मला माझीच लाज वाटली आणि रडूही आलं.

तेवढ्यात गाडीची मागची बाजू दबली.

लाट असेल म्हटलं. पण पाणी काचेसारखं होतं. मी तळाची बुचं बघितली, घट्ट होती. तळाच्या पत्र्यावर बोट फिरवलं, कोरडा. गळती असती तर गाडी हळूहळू बसली असती. ही एकदम दबली होती, पायरीवर पाय देऊन कुणी आत आल्यावर दबते तशी.

मग पुन्हा दबली. यावेळी डाव्या बाकाच्या बाजूला.

ओल्या कांबळीचा वास आला. चुलीच्या धुराचा आला. पायाशी काहीतरी जड ठेवल्यासारखा पत्रा वाजला.

मी मागं वळलो. दोन्ही बाक रिकामे होते. ऊन पडलेलं होतं त्यांच्यावर.

गाडी दबतच गेली. घाईगर्दी नव्हती. आधीचा सरकून नीट बसेपर्यंत पुढचा थांबत असावा, असं मधे थोडं अंतर पडत होतं. पाणी गाडीच्या काठाजवळ आलं, हात नुसता सोडला तर भिजेल इतकं. पुढची सीट मात्र तशीच होती. मी तिच्याकडं बघत राहिलो. भीती वाटत होती, आणि तरी मी वाट बघत होतो. त्या सीटवर कोणी आलं नाही.

शेवटी मी इंजिन चालू केलं. इतक्या भरल्या गाडीला पंखा रडतखडत ओढत होता.

काठाच्या चढावर चाकं लागली आणि जागीच फिरू लागली. नागेश शिव्या देत धावत आला. मग त्यानं गाडी बघितली आणि शिव्या थांबल्या. सगळ्यांनी मिळून ढकलली तेव्हा कुठं ती वर आली. नेहमीप्रमाणं सगळे तिच्याभोवती जमले. ओली रेघ पत्र्याच्या वरच्या कडेला भिडली होती. अगदी सरळ होती.

"काय भरलंईस रं आत?" नागेशनं विचारलं. त्यानं आत डोकावून बघितलं. माझी टिंगल कुणीच केली नाही.

मी लगेच निघालो. लखू रस्त्याला येऊन उभा होता, खांद्यावर पिशवी. दर वर्षी जगलबेटपर्यंत तो माझ्याच गाडीनं येतो. मी थांबलो. त्यानं पायरीवर एक पाय ठेवला, मागच्या बाकांकडं बघितलं आणि पाय खाली घेतला.

"या की, लखूमामा."

"नगो," तो म्हणाला. "जागा न्हाई. भरलीया गाडी." मग दबल्या आवाजात त्यानं विचारलं, "रामनगरलाच जातासा न्हवं?"

"व्हय."

"मग झ्याक झालं," तो म्हणाला आणि वाट सोडून उभा राहिला.

रस्ताभर मी आरशात बघितलं नाही. वळणावर गाडी झुकली की मागं काहीतरी सावरून बसल्यासारखं वाटायचं. खड्ड्यात गेली की स्प्रिंगांचे पाटे पार टेकायचे. कुणी बोलत नव्हतं. खरं सांगतो, घाट ओलांडेपर्यंत माझी भीती कमी झाली होती. कित्येक महिन्यांत माझ्याबरोबर कुणी प्रवास केला नव्हता.

वसाहतीच्या पहिल्या गल्लीशी पत्र्यावर थाप पडली.

मी थांबलो. मागची बाजू थोडी वर आली.

पुढच्या गल्लीशी पुन्हा थाप. पुन्हा वर.

कुठं एकजण उतरलं, कुठं घरदार उतरलं असावं. एका अंगणात भांडी घासणारी बाई हात थांबवून उघड्या फाटकाकडं बघत राहिली. पुढच्या घरात कुणीतरी आतून विचारलं, "कोण आलं गं?" मी गिअर टाकून पुढं निघालो.

घरापाशी आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गाडी जवळजवळ पूर्ण वर आली होती. जवळजवळ. एका कोपऱ्यात अजून वजन होतं.

मी वाट बघितली. थाप पडली नाही.

"यमुना," मी म्हटलं, "पुढं ये."

मागचा कोपरा वर आला. शेजारची सीट खाली बसली.

बसतच गेली. स्प्रिंगा करकरल्या, रेक्झिन ताणलं, आणि सीटची चौकट तळाच्या पत्र्याला टेकली. शेवटच्या आजारात यमुना इतकी वाळली होती की मी तिला एका हातानं उचलून न्हाणीत न्यायचो.

ही यमुना नव्हती, मला कळलं. लगेच कळलं.

मी खाली उतरलो, घराचं कुलूप काढलं, आणि दार उघडं धरून बाजूला उभा राहिलो.