आकडा उतरेपर्यंत

बर्फातून आलेल्या नळीवर बारीक दव धरतं. या नळीवर ते नव्हतं. नळी कोरडी होती, कोमट होती आणि चिठ्ठीवरची शाई कुणाच्या तरी अंगठ्यानं पुसट झाली होती.

अंगठ्याचा मालक प्रयोगशाळेच्या दाराला टेकून धापा टाकत होता. उंच, रुग्णालयाच्या सैल सदऱ्यातला.

“ही तुम्ही मुठीत धरून आणलीत?” तिनं विचारलं.

“पडू नये म्हणून... लिफ्ट बंद, शिपाईदादा गायब. म्हटलं, आपलंच रक्त आहे, आपणच पोचवावं.”

“शस्त्रक्रियेला किती दिवस झाले?”

“आज सातवा.”

“आणि तीन जिने चढलात?”

“बासष्ट पायऱ्या. दोनदा बसलो,” तो पदक मिळाल्यासारखा म्हणाला.

तिनं आधी स्टूल पुढे सरकवलं, मग रागावली. फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या रक्तात ती एक घटक मोजत असे – नव्या रक्तवाहिन्या वाढवणारा. रक्त उबेत राहिलं, की पेशी आपल्याजवळचा साठा सोडून देतात आणि आकडा उगीचच फुगतो. ही नळी आता फुकट गेली होती.

“म्हणजे माझ्या हाताच्या उबेनं?”

“हो.”

“माफ करा. इतकी असेल असं वाटलं नव्हतं.”

हसू लपवायला ती खिडकीकडे वळली. पलीकडच्या टेबलापाशी मावशी खाकरल्या. मावशी म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ.

नळ्यांवर नुसते क्रमांक असत. नळी कुणाची हे ज्याला कळलं, त्यानं ती मोजायची नाही आणि आकडाही बघायचा नाही, असा तिथला नियम होता. म्हणून त्याचा सतरा क्रमांक त्या दिवसापासून मावशींकडे गेला.

“सतरा नंबर आले गं,” मावशी मुद्दाम मोठ्यानं म्हणत. “नळी इकडे दे आणि जा बाहेर. तुझं लक्ष नाही कामात.”

बाहेर बाकावर तो बसलेला असे. तो मुलांना पोहायला शिकवत असे, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढल्यापासून तो तीन चेंडू असलेल्या व्यायामाच्या यंत्रातून श्वास ओढायचा सराव करी. दोन चेंडू वर जात, तिसरा हट्टानं खालीच बसे.

“तो तिसरा तुमच्यासारखा आहे,” तो एकदा म्हणाला. “जागचा हलत नाही.”

“ओढणाऱ्याचा जोर कमी पडत असेल.”

“असं...?” त्यानं इतका दीर्घ श्वास ओढला की खोकला आला, आणि तिनं पाणी आणायला धाव घेतली.

तिनं त्याला समजावलं होतं – गाठ आपल्या पोषणासाठी हा घटक वाढवते, पण जखम भरतानाही तो वाढतोच. शस्त्रक्रियेनंतर चढतो, पुढे सहसा उतरतो. एका आकड्यावरून काही ठरत नाही. त्यानं मात्र तेवढाच आकडा मनात घट्ट धरला.

“तो उतरला, की तुम्हाला एक विचारायचंय,” तो म्हणाला.

“बरं... थांबू या,” ती म्हणाली. थांबणं तिलाही सोयीचं होतं. ती नऊ वर्षांची असताना बाबा आजारानं गेले होते, आणि त्यानंतरची आई तिनं रोज पाहिली होती. तो एकदा घरी चहाला येऊन गेला, तेव्हा आई म्हणाली, “माणूस लाघवी आहे गं. पण...” त्या ‘पण’च्या पुढे दोघीही गेल्या नाहीत.

नव्वदाव्या दिवशी शेवटचा नमुना होता. तो बाही वर करून बसला होता. मावशींनी दंडाला पट्टा बांधला. तो नेहमीसारखा बोलत नव्हता... नजर सुईवर होती, आणि पोहणाऱ्या माणसानं पाण्याखाली धरावा तसा श्वास धरलेला.

दारातून ते पाहताना तिला एकाएकी कळलं, की आकडा उतरला तरी तो पुढच्या तपासणीची वाट पाहील, मग त्यानंतरच्या. आणि आपणही त्याच्या शेजारी, हाताची घडी घालून.

“मावशी, थांबा जरा,” ती आत आली. “मास्तर, ते विचारा आत्ता.”

“आत्ता? अहो, आकडा—”

“आकडा बघायची मला परवानगी नाही.”

“आणि वाढलेला निघाला तर?”

“तर डॉक्टर सांगतील तो उपचार घ्यायचा. मी येईन बरोबर.”

“तुमच्या आईंना काय सांगाल?”

“सकाळीच सांगितलं, की मला भीती वाटते. ती म्हणाली, ‘तुझ्या बाबांबरोबरची बारा वर्षं परत मिळाली, तर मी भीतीसकट घेईन.’”

त्यानं सुईवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

“अहो, विचारा लवकर,” मावशी म्हणाल्या, “पट्टा फार वेळ बांधून ठेवता येत नाही.”

“लग्न...” त्याचा श्वास तिथंच संपला.

“करणार,” ती म्हणाली. “तुमच्याशी. याच महिन्यात.”