तीन वायरी

खोटं वाटेल, पण हे घडलंय. माझी मावसबहीण अलफिया अजून मिरकरवाडा बंदरातच राहते, तिला विचारा. मागच्या सप्टेंबरातला शुक्रवार. भर दुपार, अडीचचा सुमार.

अलफिया बोटींवरची यंत्रं दुरुस्त करते. त्या दिवशी शेजारची खतिजाखाला एक गंजका डबा घेऊन आली. तिचा मुलगा झैन महिन्यापूर्वी ज्या बोटीबरोबर बुडाला, त्या बोटीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र. कुणाच्या तरी जाळ्यात आलं होतं.

"बोट कुठे बुडाली तेवढं बघ गो. मयत तरी मिळेल."

अलफियाने आतल्या सर्किटला तीन वायरी जोडल्या. एक यंत्राचं ऐकायची, एक त्याला हुकूम द्यायची, एक अर्थिंगची. लॅपटॉपवर अक्षरं धावली...

आणि थांबली.

स्क्रीनवर नाव होतं, कर्नेल डीबगर. यंत्राचा गाभा कोलमडला की ते इथे अडकून पडतं. मग हुकूम मिळेपर्यंत एक अक्षर लिहीत नाही.

अलफियाने कीबोर्डला हातही लावला नव्हता...

'अम्मी.'

इंग्रजी अक्षरं, पण बोली आपली.

अलफियाने हुकमाची वायर उपटली. तरीही...

'मला ताप होता. तरी उठवून पाठवलंस.'

"काय लिहिलंय?" खालाने विचारलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

अलफिया म्हणाली, "झैन... झैन बोलतोय, खाला. म्हणतो, त्रास झाला नाही. अम्मीने रडू नये."

खालाने स्क्रीनवरून हात फिरवला. महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात...

'खोटं का वाचतेस, अलफिया?'

तिने सगळ्या वायरी ओढल्या. डब्याची वीज तोडली. तरी स्क्रीनवर उमटलं...

'राहू दे. मीच सांगतो.'

दुसऱ्या दिवशी खाला दारात उभी. डोळे सुजलेले.

"पहाटे आला होता. कानाशी बोलला."

"खाला..."

"अंग भाजत होतं त्याचं. मीच चादर ओढून उठवला, बोटीवर धाडला. कुणाला सांगितलं नव्हतं गो मी." मग तिने अलफियाचं मनगट घट्ट धरलं. "तू खोटं का वाचलंस?"

तेव्हापासून खाला झोपलेली नाही. डोळा लागला की कुणीतरी अंगावरची चादर ओढतं, म्हणते.

अलफिया मला अजून विचारते, "खरं वाचलं असतं, तर तो तिच्या घरी गेला नसता का रे?"