बॉइड हॅलमचा साचा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी काढत नाही. त्या मंगळवारी दुपारी मला फक्त बॉइड हॅलमच्या चेहऱ्याचा साचा काढायचा होता. हॉलिवूडच्या आमच्या रंगभूषेच्या खोलीत हे नेहमीचंच काम. तोंडावर प्लास्टर थापायचं, श्वासापुरत्या दोन नळ्या नाकात, आणि वीस मिनिटं बोलायचं नाही. ठीक असेल तर बोट वर करायचं.

काउबॉयपटांचा एके काळचा राजा तो. शेवटचे तीन सिनेमे आपटले. एका पोस्टरवर तर त्याचं नाव घोड्याच्या नावाखाली छापलं होतं. आता स्टुडिओने त्याला नायकाचा आजोबा करून टाकलं होतं. साच्यावरून मला त्याच्यासाठी आणखी सुरकुत्या घडवायच्या होत्या.

“पोरी,” खुर्चीत बसत तो म्हणाला, “लावतेस कसल्या? आहेत त्या काढून घे. सगळ्या.”

“बरं, घेते,” मी हसून म्हटलं. तीच माझी चूक.

प्लास्टर तापू लागलं. खोलीत ओल्या भिंतीचा वास दाटला. नळ्यांतून बारीक शीळ यावी तसा श्वास ऐकू येत होता... दहाव्या मिनिटाला तो थांबला. घाबरून मी हाक मारली. बोट वर आलं... अगदी सावकाश.

मी साचा ओढून काढला. खाली तिशीतला बॉइड होता. त्याने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे.

“आभारी आहे, बाई. आपलं नाव?”

वीस वर्षं मी त्याला रंगवत होते.

तासाभरात नायकाचं काम त्याच्याकडे परत आलं. कसलंसं ऑपरेशन केलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. माझ्या टेबलावर साचा तसाच पडला होता. त्यात प्लास्टर ओतून चेहरा काढायचा राहिला होता. मी बादलीत प्लास्टर कालवलं, ओतायला वाकले, तर नळ्यांतून गालावर ऊन श्वास आला.

“बॉइड...?”

श्वास अडखळला. पुन्हा सुरू झाला.

“अजून ओतलं नाहीत?” दारातून आवाज आला. तो तरुण बॉइड कधीचा उभा होता कोण जाणे.

“आता ओततेच,” मी म्हटलं आणि तो जाईपर्यंत नुसती ढवळत राहिले. प्लास्टर बादलीतच घट्ट झालं.

साचा मी घरी आणला. बारा वर्षं झाली. पडद्यावर तो अजून तिशीचाच आहे. इकडे कपाटातल्या नळ्या मी दर रविवारी साफ करते. भीती वाटते, पण माझ्या बॉइडची माया सुटत नाही. काल साचा पुसायला घेतला, तर आत, हनुवटीच्या खळग्यात, दोन दिवसांची पांढरी दाढी वाढली होती.