सासूबाई पडायच्या आत

वादळ ओसरलं आणि दातांची डॉक्टरीण दवाखान्याला कुलूप घालून तडक समुद्रावर धावली. तिचा जीव एका दगडात अडकला होता. दोराशिवाय, नुसत्या बोटांच्या जोरावर चढायचे दगड होते तिथे. त्यातल्या सर्वांत खाष्ट दगडाला चढणाऱ्यांनी नाव ठेवलं होतं सासूबाई, कारण काही केलं तरी त्या कुणावर प्रसन्न होत नसत. डॉक्टरीण दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती आणि दर वेळी शेवटच्या पकडीपाशी, म्हणजे बोटं अडकवायच्या खाचेपाशी, येऊन खाली आपटत होती.

आज पाहते तर काय... बुडाची वाळू वादळाने ओढून नेलेली. हात वर केला की मिळणारी पहिली पकड कुठल्या कुठे उंच गेलेली, आणि खाली नुसते धोंडे. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे, एक अनोळखी तरुण शिडी लावून नेमका त्याच पकडीवर लाल ठिपका रंगवत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगावर बोट टिकत नाही, हे या शहाण्याला कुणी सांगायचं? तिनेच सांगितलं, चांगली कानउघाडणी करून. तो निघाला मोजणीवाला. वादळांनी किनारा किती खाल्ला हे मोजायला त्याला खुणा लागत. त्याने मुकाट्याने माफी मागितली. दातांची डॉक्टर आहे मी, असं बजावत तिने पिशवीतून टूथब्रश काढला, शिडीवर चढली आणि पकड घासायला घेतली.

"दगडालाही कीड लागते का, डॉक्टर?"

"लागत नाही. माणसं लावतात."

तो हसला... आणि मग हसू आवरून त्याने खरं काय ते सांगितलं. आणखी एक वादळ येतंय. सासूबाईंना आता खालून आधार नाही, या खेपेला त्या आडव्या होणार. डॉक्टरणीने वर शेवटच्या पकडीकडे पाहिलं. मग म्हणाली, की त्याआधी मी चढणार.

बाकीच्यांनी केव्हाच हात टेकले होते. त्यामुळे खाली गादी अंथरून, पडलीच तर तिला सावरायला उभं राहायचं काम मोजणीवाल्याच्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर त्याने ते आनंदाने गळ्यात घेतलं. तिने नियम शिकवला: हात पुढे, नजर चढणाऱ्याच्या कमरेवर, कारण माणूस पडतो तो कमरेच्या रोखाने. हे ऐकून तो कानापर्यंत लाल झाला.

वाळू गेल्यामुळे खाली एक नवी कपार उघडी पडली होती. तिथून सुरुवात केली तर चढाई लांबायची, पण जमण्यासारखी होती. दवाखाना आटोपला की रोज संध्याकाळी ती यायची, पडायची, पुन्हा उठायची. एकदा बोट सटकलं आणि ती अर्धी गादीवर, अर्धी धोंड्यावर पडली. कोपर सोलवटलं.

"कुठे बघत होतास?" अहोजाहो त्या पडण्यातच गळून गेलं.

"तोंडाकडे," तो खाली मान घालून म्हणाला. "अवघड जागा आली की तू ओठ चावतेस... तेच बघत राहिलो."

तिला रागवायचं होतं. साफ जमलं नाही.

"आधी कमर बघ," ती कोपर चोळत म्हणाली. "तोंड काही पळून जात नाही."

वादळाच्या आदल्या दिवशी लाटा धोंड्यांना भिडल्या होत्या. आज नाही तर कधीच नाही. ती कपारीतून निघाली. हात भरून आले, बोटांची कातडी फाटली, पण आता माघार घ्यायची नाही हे तिने पक्कं ठरवलं होतं. शेवटची पकड आली. तिने अंग झोकून दिलं... आणि बोटं टिकली.

वर बसून ती हसली, मग रडली. मागच्या सोप्या बाजूने धापा टाकत तोही वर आला. तिच्या शेजारी बसला.

"परवापासून माझं काम पुढच्या किनाऱ्यावर," तो म्हणाला. "लांब आहे."

"सुट्टीच्या दिवशी मी तिकडे येईन."

"तिथे चढण्यासारखा एकही दगड नाही गं. नुसता चिखल आहे."

तिने त्याचा हात हातात घेतला, सोलवटलेल्या बोटांनी घट्ट धरला.

"मी दगडाचं विचारलं का?"