सुखरूप सुटका

विपुलने टाकलेल्या प्रत्येक पोस्टला पहिला लाईक चांदणीचाच असायचा. पालिकेच्या आपत्ती कक्षात बसून तो फेसबुकच्या पानावर पावसाचे इशारे टाकायचा आणि नवघरच्या जुन्या बैठ्या घरात बसून त्याची नवी नवरी अंगठा दाबायची. लग्न झाल्यापासून त्याने लिहिलेलं आणि तिने वाचलेलं सगळ्यात लांब वाक्य म्हणजे ‘समुद्राला मोठी भरती असल्याने नागरिकांनी सतर्क राहावे’. तेही तिच्या एकटीसाठी नव्हतं.

त्या दुपारी पावसाने असा काळोख केला की घरात दिवा लावावा लागला. चांदणी सासूबाईंसाठी चहा टाकत होती. मोबाईल वाजला. तिने सवयीने लाईक केलं आणि मग फोटो पाहिला.

गल्लीत छातीएवढं पाणी. दाराला टेकलेली रबरी होडी. अग्निशमनचा एक जवान एका बाईला हात धरून होडीत घेतोय. बाईच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद, तोंड दिसत नाही. खाली ओळ: ‘नवघर येथे घरात अडकलेल्या महिलेची सुखरूप सुटका.’

दार त्यांचंच होतं.

“आई, हे बघा हो.”

इंदुबाईंनी मोबाईल लांब धरला. “जुना फोटो हाय. दर पावसाला पानी येतं, दर पावसाला कोन ना कोन फोटो कारतं. चहात आलं घाल.”

पण फोटोतल्या दाराला विणलेल्या पोपटांचा पडदा होता. रुखवतातला. तो चांदणीने कालच टांगला होता. बाहेर डोकावली तर गल्लीत पाणी जेमतेम घोट्याला लागत होतं.

तिने विपुलला फोन लावला. “अहो, आपल्या घराचा फोटो का टाकलात?”

“कुठला फोटो? सकाळपासून नेट बंद आहे गं इथे. एकही पोस्ट गेलेली नाही.”

“मग मी लाईक केलं ते काय?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“चांदणी… आईला घे, समोरच्या बिल्डिंगीत चढ. मी होडी…”

फोन कट झाला. पाठोपाठ वीज गेली.

“मी न्हाय जायाची.” इंदुबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या. “दादला गेला तवा बी ह्या घरान राहिले. भरती उतरली का पानी उतरतं.”

आजूबाजूच्या टॉवरवाल्यांनी भराव घालून घालून हे घर ताटलीच्या तळाशी आणून ठेवलं होतं. मोरीतून आधी वास आला, खाजणातल्या चिखलाचा, खारट, कुजका. मग बुडबुडे. मग पाणी आलं, अजिबात आवाज न करता. म्हातारीची समजूत काढून तिला दारापर्यंत आणेस्तोवर ओटा दिसेनासा झाला होता.

फोटो अजून उघडाच होता. चांदणीने तो बोटांनी मोठा केला. बाईच्या मनगटात हिरवा चुडा. तिचाच.

म्हणजे वाचणार ती. एकटी ती. क्षणभर तिला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची इतकी किळस आली की तिने साबण शोधला, हाताला फासला आणि बांगड्या ओढायला लागली.

“हात द्या, आई.”

“येरी झालीस का? माझ्या हातान हिरव्या बांगड्या? लोक काय म्हनतील?”

“फोटोतली बाई वाचते. मला पोहता येतं, तुम्हाला नाही. मला दुसऱ्या खेपेला नेतील.”

वाळक्या हातात बांगड्या सहज सरकल्या. इंदुबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “लई वरसांनी…” एवढंच म्हणाल्या.

होडी आली. जवानाने म्हातारीच्या डोक्यावर कागद घातला, हात धरून तिला आत घेतलं. चांदणी मागेच होती, चौकट धरून. तिने हात पुढे केला.

बॅटरीचा झोत तिच्या चेहऱ्यावर आला, थांबला आणि मागच्या भिंतीवर गेला. फोटोतही त्या बाईच्या मागे चौकटीत कोणीच नव्हतं.

“आत आणखी कोणी आहे का, आजी?”

“मी आहे! इथे… इथे आहे!”

इंदुबाईंनी मागे वळून सरळ तिच्याकडे पाहिलं. पापणी न लववता पाहिलं.

“सून व्हती माझी,” त्या हळूच म्हणाल्या. “नवीनच व्हती.”

जवानाने मान खाली घातली. होडी वळली.

पाणी अजून चांदणीच्या कमरेलाच होतं.